एमजीबी: फाउंडेशन बदलल्यापासून पिकअपच गेला, मदत हवी आहे

तेलकट_बनियन:
लोकहो जरा लवकर बघा, रविवारी गाडी न्यायचीय. एमजीबीची (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) इंजिन फाउंडेशनं, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर बसतं ती, गेल्या शनिवारी घरीच बदलली, जुनी रबरं तेल पिऊन लोणी झालेली. थरथर गेली पण आता चढावर दुसऱ्या गिअरलाही रडते आणि सेल्फ कण्हत कण्हत फिरतो. टायमिंग लाईट लावून ठिणगीचं टायमिंग १४ डिग्री केलंय, दोनदा. बॅटरी नवी. काय राहिलं?

भटका_पाना:
साल कुठलं? १९६२ ते १९८० बनली ती. आणि १४ किती आरपीएमला?

तेलकट_बनियन:
१९६६. हजारला, त्याखाली बंदच पडते.

घाटवळण:
डिस्ट्रिब्युटरमधले (प्लगांना ठिणगी वाटतो तो) पॉईंट, म्हणजे ठिणगीसाठी करंट तोडणारे संपर्क, काढून फेका, इलेक्ट्रॉनिक किट बसवा. मी बसवल्यापासून डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलेलं नाही.

भटका_पाना:
अहो ६६ ची आहे, पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं प्लस बॉडीला! निगेटिव्हचं किट लावलं की धूर. बनियनराव, १४ हा आकडा ६०० आरपीएमचा आहे. हजारला डिस्ट्रिब्युटरमधली वजनं उघडायला लागतात, ठिणगी लवकर पडते, त्यांचा अ‍ॅडव्हान्स धरून तुम्हाला १४ दिसतायत, म्हणजे मुळातलं टायमिंग मागे पडलंय. आधी पॉईंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी करा, गॅप हलला की टायमिंग हलतं, मग इंजिन बंद ठेवून १० डिग्रीला बल्बने लावा.

हेराल्डप्रेमी_पुणे:
आमच्याकडे स्टँडर्ड हेराल्ड होती, मद्रासची. बाबा सिगरेटच्या पाकिटाचा पुठ्ठा घालून गॅप लावायचे, गाडी महाबळेश्वर चढायची.

घाटवळण:
पुठ्ठ्याने 😀 म्हणूनच म्हणतो, किट.

लेस्टरकर:
इथे ब्रिटनमध्ये ४० वर्षांपुढच्या गाडीला एमओटी (गाडीची वार्षिक तपासणी) लागत नाही, रोड टॅक्सही माफ होतो, अर्ज केलात का?

तेलकट_बनियन:
ते विचारलंय का मी??

चिखलधुणे:
सेल्फकडे कुणी बघतच नाहीये. गिअरबॉक्सखालची रबरं पण काढलेली का? सेल्फ मारताना चोकची केबल गरम होते का बघ.

तेलकट_बनियन:
हो काढली, फाउंडेशन म्हणजे सगळीच की, वेगळं काय सांगायचं. केबल बघतो.

तेलकट_बनियन:
चटका बसला राव! खाली घुसलो तर गिअरबॉक्सपाशी अर्थिंगची तांब्याची विणलेली पट्टी लोंबतेय आणि तिचा बोल्ट माझ्या डब्यात. घासून बसवली, सेल्फ पहिल्या झटक्यात. पिकअप मात्र तसाच.

चिखलधुणे:
पट्टी सुटल्याने सेल्फचा सगळा करंट त्या चोकच्या केबलमधून जात होता. आता केबल पण बदल, आतून भाजली असेल.

भटका_पाना:
आणि पिकअपला मी सांगितलं तेच.

तेलकट_बनियन:
बल्ब कुठे लावायचा पण?

भटका_पाना:
एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणून पुलीची खाच १० वर. १२ व्होल्टचा बल्ब, एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या बारीक वायरच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. चावी ऑन. डिस्ट्रिब्युटर हळू फिरवा, पॉईंट उघडतात त्या क्षणी बल्ब पेटतो, तिथेच आवळा.

तेलकट_बनियन:
लागलं! चढावर तिसऱ्यात गेली. आता डब्यात दोन वॉशर उरलेत, ते कुठले?