नुसतं लक्ष ठेवून भागणार नाही
देवमाशांना (व्हेलना) जहाजांची धडक बसू नये म्हणून वेगमर्यादा असते, पण जहाजावरच्या लोकांनी नीट लक्ष ठेवलं तर तिची गरजच काय, असं म्हटलं जातं, त्या मुद्द्यावर थोडं लिहितो. उत्तर अटलांटिकमधल्या राइट व्हेल या जातीच्या देवमाशाला पाठीवर परच नसतो, अंग काळं, आणि मादी पिल्लाला घेऊन पाण्याच्या अगदी वरच्या थरात असते, त्यात रात्र किंवा लाटा असल्या तर वरून दिसणार कसं? आणि दिसलं तरी जहाजाचं एवढं मोठं धूड पटकन वळत नाही. अमेरिकेने २००८ पासून ठराविक भागांत, ठराविक महिन्यांत ६५ फूट आणि त्याहून लांब जहाजांना १० नॉटची (ताशी साधारण साडेअठरा किलोमीटर) मर्यादा घातली, पण हे प्राणी पिल्लं देतात फ्लोरिडा-जॉर्जियाजवळ आणि उन्हाळ्यात त्यातले बरेच जातात कॅनडात सेंट लॉरेन्सच्या आखातात, म्हणजे एका देशाने करून काय उपयोग! २०१७ मध्ये कॅनडाच्या पाण्यात १२ मेलेले सापडले तेव्हा कुठे तिथे वेगमर्यादा आली. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात तर २००३ मध्ये जहाजांचा मार्गच या प्राण्यांपासून दूर सरकवला, ते मला सगळ्यात पटलेलं काम. आता उरलेत चारशेहूनही कमी, आणि लहान बोटींनाही नियम लावायचा अमेरिकेचा प्रस्ताव जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतला, याचा खरंच राग येतो, कारण २०२१ मध्ये फ्लोरिडात ५४ फुटी बोटीच्या धडकेनेच एक पिल्लू गेलं होतं.