आरसीवरील (नोंदणी प्रमाणपत्रावरील) आणि पत्र्यावरील चासी नंबरात एका अक्षराचा फरक आहे; गाडी घ्यावी का?

चिपळूणकर_वाटसरू (प्रश्न)

नमस्कार. पुण्यातील एका गृहस्थांकडून ह्युंदाई आय20 विकत घेण्याचे जवळजवळ ठरले आहे. गाडीची नोंदणी जानेवारी 2018 ची असून विमा चालू आहे आणि बँकेचा बोजा उतरलेला आहे. गाडी पाहायला गेलो तेव्हा सोबतच्या मेकॅनिकने पुढील प्रवासी सीटखालच्या गालिच्यातील झडप उचलून तेथे ठोकलेला चासी नंबर, म्हणजे गाडीचा सतरा अक्षरांचा ओळख क्रमांक, दाखवला. तो आरसीशी ताडून पाहिला असता सोळा अक्षरे तंतोतंत जुळली, मात्र शेवटून तिसऱ्या जागी पत्र्यावर 8 आणि आरसीवर इंग्रजी बी असा फरक आढळला. विम्याच्या कागदावरही बी आहे.

घरी आल्यावर चासी नंबर तपासणाऱ्या एका संकेतस्थळावर दोन्ही नंबर घालून पाहिले, तर दोन्ही वेळा ‘तपासणी अंक चुकीचा’ असे उत्तर आले. शिवाय दहावे अक्षर एच आहे आणि त्याचा अर्थ 2017 असा दाखवला जातो, तर मालक गाडी 2018 ची असल्याचे सांगतात. एमपरिवाहन या सरकारी ॲपवर चासी नंबराची काही अक्षरे झाकलेली असल्यामुळे तेथे पडताळणी करता आली नाही. ही निव्वळ टंकलेखनातील चूक समजावी, की गाडीतच काही काळेबेरे आहे असे मानून व्यवहार सोडून द्यावा?

पाना_पक्कड

आपण झडप उचलून प्रत्यक्ष नंबर पाहिलात हे उत्तम केलेत. जुनी गाडी घेणारे बहुतेक लोक आरसीची झेरॉक्स आणि विम्याचा कागद एकमेकांशी ताडून समाधान मानतात; पण विम्यातील नंबर बहुधा आरसीवरूनच उतरवलेला असल्याने ती तपासणी ठरत नाही. शेवटचा शब्द पत्र्यावर ठोकलेल्या नंबराचाच असतो, म्हणून तो नीट वाचणे सर्वांत महत्त्वाचे.

पुन्हा जाल तेव्हा टॉर्च आणि सुती कापड घेऊन जा. धूळ किंवा ग्रीस बसले असेल तर कापडाला थोडे रॉकेल लावून हलक्या हाताने पुसा. तारेचा ब्रश किंवा सँडपेपर मुळीच लावू नका, कारण घासल्याच्या खुणा राहिल्या तर उद्या आरटीओत आपल्यावरच संशय येईल. नंतर टॉर्च तिरका धरून पाहा. कारखान्यात ठोकलेल्या नंबरात सर्व अक्षरांची उंची, खोली आणि अंतर सारखे असते आणि दोन्ही टोकांना बहुधा तारा किंवा तशीच एखादी खूण असते, जेणेकरून मागेपुढे काही वाढवता येऊ नये. एखादे अक्षर उथळ किंवा किंचित वाकडे दिसणे, तेवढ्याच भागावर ताजा रंग किंवा काळे कोटिंग असणे, आजूबाजूला ग्राइंडरच्या रेषा असणे ही वाईट लक्षणे आहेत. सर्वांत वाईट लक्षण म्हणजे नंबराभोवती चौकोनी वेल्डिंगची शिवण. अपघातात पूर्ण निकामी ठरलेल्या गाडीचा नंबर असलेला पत्र्याचा तुकडा कापून तो त्याच मॉडेलच्या चोरीच्या गाडीत बसवायचा, ही चोरांची जुनी रीत आहे. म्हणून आपण फक्त नंबर पाहू नका. गालिचा आणखी थोडा मागे सारून भोवतालचा पत्राही पाहा आणि जमल्यास गाडी लिफ्टवर घेऊन खालूनही पाहा. किनारपट्टीवर वापरलेल्या गाडीत तेथे गंज असणे स्वाभाविक आहे, परंतु गंज सगळीकडे आणि नंबराची पट्टी मात्र चकचकीत असेल तर थांबावे.

8 आणि बी यांचा गोंधळ मिटवण्याचा साधा उपाय म्हणजे पेन्सिल छाप. नंबरावर पातळ कागद घट्ट धरून पेन्सिल आडवी फिरवली की अक्षरांच्या कडा स्पष्ट उमटतात; बीची डावी बाजू सरळ येते, 8 ची येत नाही. तसेच गाडीच्या ओबीडी सॉकेटला (दोष तपासण्याचे यंत्र जोडण्याच्या जागी) स्कॅनर लावला तर इंजिनच्या ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनचे नियंत्रण करणाऱ्या संगणकात, साठवलेला नंबरही बहुतेक गाड्यांत वाचता येतो. पत्रा, कंपनीची प्लेट किंवा स्टिकर आणि ईसीयू या तिन्हींत 8 असेल, तर कागदातच चूक आहे असे मी समजेन.

नंबराची जागा प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळी असते. काही गाड्यांत तो बोनेट उघडल्यावर इंजिनमागच्या पडद्याच्या पत्र्यावर असतो, तर शिडीसारखी चासी असलेल्या जीपवजा गाड्यांत तो सहसा चासीच्या लांब दांड्यावर पुढील चाकाजवळ असतो. नेमकी जागा मालकाच्या पुस्तिकेत दिलेली असते.

न्यूजर्सी_मराठी

तपासणी अंकाच्या संदेशाने घाबरून जाऊ नये. सतरा अक्षरांचा हा नंबर आयएसओ 3779 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार रचला जातो, परंतु नवव्या जागी तपासणी अंक असण्याची सक्ती प्रामुख्याने उत्तर अमेरिकेत आहे. येथे प्रत्येक अक्षराला ठरावीक मूल्य आणि प्रत्येक जागेला ठरावीक भार देऊन गुणाकारांची बेरीज करतात, तिला 11 ने भागतात आणि उरलेली बाकी नवव्या जागी आली पाहिजे. बाकी 10 आली तर तेथे एक्स लिहितात. भारतात त्या जागी कंपनी आपले दुसरे कोणतेही सांकेतिक अक्षर ठेवू शकते. आपण वापरलेले संकेतस्थळ अमेरिकी नियम भारतीय गाडीला लावत असावे, म्हणून दोन्ही नंबर त्याला चुकीचे वाटले. उलट, सतराही जागी 1 लिहिला तर तो ‘नंबर’ ही परीक्षा बिनचूक उत्तीर्ण होतो, कारण भारांची बेरीज 89 येते आणि 11 ने भागल्यावर बाकी 1 उरते. त्यामुळे या परीक्षेतून टंकलेखनाची चूक पकडता येते. गाडी खरी आहे की नाही, हे तिच्यावरून ठरत नाही.

आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर मात्र त्याच मानकात आहे. त्यानुसार शेवटच्या चार जागी केवळ अंक असतात. बी जर शेवटून तिसऱ्या जागी असेल, तर आरसीवरील नंबर त्या रचनेत बसतच नाही, आणि पत्र्यावरील 8 बसतो. म्हणजे चूक कागदात झाल्याची शक्यता फार मोठी आहे. याच कारणाने आय, ओ आणि क्यू ही अक्षरे संपूर्ण नंबरात कोठेही वापरत नाहीत. 1 आणि 0 शी त्यांची गल्लत होते. कोणाच्या आरसीवर चासी नंबरात ओ दिसला, तर ते शून्य असल्याचे समजून दुरुस्ती करून घ्यावी.

सुरुवातीची तीन अक्षरेही पाहून ठेवा. भारतात बनलेल्या ह्युंदाई गाड्यांना एमएएल, मारुतीला एमए3, टाटाला एमएटी आणि महिंद्राला एमए1 अशी ओळख दिलेली आहे. दहाव्या अक्षराबद्दल सांगायचे तर 2017 साठी एच आणि 2018 साठी जे असते, मधला आय वगळलेला आहे. सगळ्याच भारतीय कंपन्या त्या जागी वर्ष लिहितात असे नाही, पण आपल्या गाडीत एच असणे आणि नोंदणी जानेवारी 2018 ची असणे यात विसंगती नाही. 2017 च्या अखेरीस तयार झालेली गाडी जानेवारीत नोंदवली जाणे नेहमीचे आहे. भाव ठरवताना मात्र उत्पादनाचे वर्ष धरावे, हे मालकांना सभ्यपणे सांगायला हरकत नाही.

कलम_आणि_नियम

वरील दोन्ही उत्तरे वाचून चूक कागदात असावी असे वाटते, तरीही ती किरकोळ मानू नये. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 55(5) नुसार गाडीवरील इंजिन किंवा चासी नंबर नोंदणी प्रमाणपत्रातील नंबरापेक्षा वेगळा आढळला, तर नोंदणी प्राधिकारी मालकाचे म्हणणे ऐकून नोंदणी रद्द करू शकतो. अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्वेक्षकाने पेन्सिल छाप घेतली आणि ती पॉलिसीशी जुळली नाही, तर दावा अडकून पडतो. हा धोका आज विक्रेत्याचा आहे. हस्तांतरण झाले की तो आपला होईल.

दुरुस्तीसाठी मूळ पुरावा लागतो, आणि तो नमुना 21 व नमुना 22 यांत मिळतो. पहिले विक्री प्रमाणपत्र विक्रेता डीलर देतो आणि दुसरे रस्तायोग्यतेचे प्रमाणपत्र उत्पादक देतो. नमुना 21 मध्ये उत्पादनाचा महिना आणि वर्षही असते, त्यामुळे आपली 2017 की 2018 ही शंकाही तेथेच मिटेल. या कागदांवर 8 असेल, तर नोंदणीकृत मालकाने आपल्या आरटीओकडे दुरुस्तीचा अर्ज करावा, मोटार वाहन निरीक्षकाला गाडी दाखवावी आणि आरसी दुरुस्त झाल्यावर विम्यातही तशी नोंद करून घ्यावी.

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या सेवेतून गाडी चोरीची म्हणून नोंदलेली आहे का, हे पाहता येते, पण चुकीचा चासी नंबर घालून शोधले तर काहीच न सापडण्याने खोटा दिलासा मिळतो. म्हणून पत्र्यावरील नंबर, आरसीवरील नंबर, इंजिन नंबर आणि नोंदणी क्रमांक अशा चारही मार्गांनी शोध घ्यावा. सुट्या भागातील दोषामुळे कंपनीने गाड्या परत बोलावल्या असतील, तर ती यादीही चासी नंबरावरच चालते; तेथे पत्र्यावरचाच नंबर द्यावा.

पूर्ण चासी नंबर येथे किंवा इतरत्र उघडपणे लिहू नये. परिवहन संकेतस्थळावरील अनेक सेवा नोंदणी क्रमांकासोबत चासी नंबराची शेवटची पाच अक्षरे मागतात.

चिपळूणकर_वाटसरू

सर्वांचे मनापासून आभार. मेकॅनिकने आज पुन्हा जाऊन पेन्सिल छाप घेतली. 8 अगदी स्पष्ट आहे, भोवतालच्या पत्र्यावर मूळ रंग आहे आणि वेल्डिंग कोठेही नाही. स्कॅनरवरही 8 च दिसला. मालकांकडे नमुना 21 आहे, त्यातही 8 आहे आणि उत्पादन नोव्हेंबर 2017 चे आहे. मात्र ते म्हणतात की किमतीत थोडी सूट घ्या आणि दुरुस्ती हस्तांतरणानंतर आपणच करून घ्या. हे मान्य करावे का?

कलम_आणि_नियम

मान्य करू नये. हस्तांतरणाच्या नमुना 29 आणि 30 वर चासी नंबर लिहून दोघांनाही सह्या कराव्या लागतात. आज त्यावर बी लिहिला तर गाडीवर नसलेल्या नंबराखाली आपली सही होईल, आणि 8 लिहिला तर अर्ज आरसीशी जुळणार नाही. मालकांकडे नमुना 21 असल्यामुळे त्यांच्या हातून दुरुस्ती होणे तुलनेने सोपे आहे. हवे तर अल्प इसारा देऊन लेखी करार करा, त्यात पत्र्यावरील नंबर आणि पेन्सिल छाप जोडा, आणि दुरुस्त आरसी हाती आल्यावरच उरलेली रक्कम देण्याची अट घाला.