मदत हवी आहे: बार्टल फ्रेरचा पूर्ण ट्रॅव्हर्स (एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरणं) कोणी केलाय का?

नमस्कार मंडळी,

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधलं सर्वात उंच शिखर, माउंट बार्टल फ्रेर (1,622 मीटर). मागच्या जुलैत आम्ही दोघं जोसेफिन फॉल्सच्या बाजूने चढलो. एका दिवसात वर जाऊन परत यायचा बेत होता. कोरडा मोसम म्हणून निर्धास्त होतो, पण बिग रॉक कॅम्पच्या पुढे पावसाने गाठलंच. वाट म्हणजे नुसत्या ओल्या मुळांची शिडी, धरायला हात घातला की बोटांवर जळवा. माथ्याखालच्या मोठमोठ्या दगडांच्या टप्प्यात पोचलो तर ढगामुळे वाट दाखवणारा पुढचा बाण दिसेना. दगडावर बुटाची पकडच बसत नव्हती. मागे फिरलो. निर्णय बरोबर होता, पण ते शिखर मनातून जात नाही.

आता दोन दिवस काढून जोसेफिन फॉल्सहून चढायचं आणि अथर्टन पठाराच्या बाजूने उतरायचं ठरवतोय, साधारण 15 किलोमीटर. कॅम्पिंग परमिटचं माहीत आहे.

पठाराकडची वाट उतरायला कशी आहे? वरच्या कॅम्पजवळ पाणी भरवशाचं मिळतं का, की खालूनच वाहून न्यावं? गाडी एका टोकाला राहते, तर दुसऱ्या टोकाची सोय तुम्ही कशी केलीत? आणि जिंपी-जिंपीची झाडं कुठल्या टप्प्यात जास्त आहेत? त्याच्या पानावरची लव टोचली की वेदना महिनोन्‌महिने परत येऊ शकते, त्यामुळे मला त्याचीच सर्वात जास्त धास्ती आहे.

स्वतः गेलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.