अनुभव धागा : बागेचं कुंपण तुम्ही कसं राखता?

आमच्या घरापुढे मेंदीचं कुंपण आहे. सासऱ्यांनी लावलेलं, त्यामुळे ते काढून भिंत घालायचा विषय निघाला की घरात दोन तट पडतात. वरून बघाल तर हिरवंगार आणि सपाट. गुडघ्याखाली मात्र नुसत्या काड्या, आणि त्या काड्यांमधून गल्लीतली कुत्री आरामात ये-जा करतात.

माळी म्हणतो खत घाला. शेजारचे काका म्हणतात उपटून गोल्डन दुरांटा लावा. मला वाटतं, घोटाळा छाटणीच्या आकाराचा आहे. माथा हाताशी येतो म्हणून वर-वर कात्री फिरते. वरची पालवी दाट होऊन बाहेर झुकते आणि खालच्या फांद्यांवर सावली धरते. ऊन मिळालं नाही की त्या फांद्या पानं टाकतात. बुंध्याशी रुंद आणि माथ्याशी अरुंद छाटलं तर खालपर्यंत ऊन पोचतं. हे झालं पुस्तकातलं. प्रत्यक्षात कोणी जमवलंय? कुठलं कुंपण, कधी छाटता, कशाने छाटता, सगळं लिहा. आडवळणं चालतील. ‘नेटवर शोधा’ एवढंच लिहायचं असेल तर कृपया लिहू नका.

मिरज

ताई, तुमचं निदान बरोबर आहे, पण आता नुसता आकार बदलून भागणार नाही. पाय एकदा उघडे पडले की वरून कितीही कातरा, खाली पालवी येत नाही. मुळापासून वीतभर-दीड वीत ठेवून सगळं कुंपण खाली घ्यावं लागतं. मेंदी हे सोसते. कोयनेल सोसते, दुरांटाही सोसतो. मोरपंखीला मात्र हे करू नका, तिच्या जुन्या उघड्या लाकडातून पुन्हा फूट येत नाही.

वेळ म्हणाल तर वळवाचा एखादा पाऊस होऊन गेल्यावर, मृगाच्या तोंडाशी. आधी बुंध्याभोवतीची माती हलवून शेणखत घालायचं, मग छाटायचं. नवे धुमारे हातभर झाले की त्यांचे शेंडे खुडायचे. खुडायचा कंटाळा करतात, आणि खरी गोम तिथेच आहे. शेंडा असतो तोवर तो बाजूच्या डोळ्यांना (फांदीवरच्या कोंबांना) फुटू देत नाही. तो मोडला की एकाच्या जागी दोन-तीन फांद्या येतात. कुंपण जमिनीपासून दाट होतं ते अशाने.

आमच्याकडे आणखी एक हिशेब असतो. नागपंचमीला गल्लीतल्या मुली मेंदीचा पाला मागायला येतात. त्यामुळे जूनमध्ये जोरात छाटणी झाली तरी श्रावणापर्यंत कुंपणाला पुन्हा हात लावायचा नाही, असा सासूबाईंचा दंडक होता आणि तो मी मोडलेला नाही. मागच्या अंगणातला एक कोपरा तर आम्ही छाटतच नाही. सतत कातरलेल्या मेंदीला फुलं येत नाहीत, आणि मेंदीच्या फुलांचा वास ज्यांनी संध्याकाळी घेतलाय त्यांना तो कोपरा का सोडलाय हे सांगावं लागणार नाही.

कुडाळ

शहरी मंडळींचं कुंपण म्हणजे शोभा. आमच्याकडे गुरांपासून बाग वाचवायची असते. चिऱ्याचा गडगा (दगडी बांध), त्याच्यावर शेराची चिकाळ झुडपं, आणि शेताच्या बांधाला गिरिपुष्पाची झाडं. गिरिपुष्पाची छाटणी म्हणजे वेगळं काम नाहीच. जूनमध्ये फांद्या तोडायच्या आणि पाला चिखलणीच्या वेळी भाताच्या खाचरात तुडवायचा. कुंपण आटोक्यात राहतं आणि शेताला नत्र मिळतं. याच झाडाचे मनगटाएवढे खुंट पावसात नव्या बांधावर रोवता येतात.

शेराबद्दल मात्र बजावून सांगतो. त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळा उघडवत नाही, काही काळ दिसेनासंही होतं. आमच्याकडे कामाला आलेल्या एका मुलाने कोयता चालवता चालवता त्याच हाताने घाम पुसला. मामा लांबून ओरडत होते, “रे, शेर आसा तो, जपान तोड!” पण तोवर उशीर झाला होता. नळाखाली डोळा बराच वेळ धरला, मग तालुक्याला डॉक्टरांकडे नेला. डोळा वाचला. आता शेर तोडायचा तर चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि वारा पाठीशी घेऊन. कोणी दूध घालायला सांगेल, कोणी मध. काही घालू नका, फक्त भरपूर स्वच्छ पाणी आणि डॉक्टर.

आणि हात घालायच्या आधी काठीने कुंपण हलवा. हरणटोळ साप बिचारा निघून जातो. विषारी चापडा हलत नाही आणि हिरव्यात हिरवा दिसतही नाही.

निफाड

आमचा धंदा द्राक्षाचा, त्यामुळे छाटणी हा शब्द ऐकला की हात शिवशिवतात! हत्याराबद्दल लिहितो, कारण बहुतेक कुंपणं बोथट कात्रीने मरतात. बोथट पात्याने फांदी कापली जात नाही, चेचली जाते. मग ते टोक तपकिरी पडतं आणि आत वाळत जातं. कोवळ्या पालवीला लांब पात्याची कात्री ठीक. पेन्सिलीपेक्षा जाड फांदी दिसली की सिकेटर (एका हाताची छाटणीची कात्री), आणि अंगठ्याच्या पुढे गेली की करवत. लांब कात्रीने जाड फांदी तोडायला गेलात तर पात्यांमध्ये फट पडते, मग ती कात्री पानंसुद्धा नीट कापत नाही.

रोगट झाडावरून चांगल्या झाडावर जाताना पातं स्पिरिटने पुसा. जाड कापांना बोर्डो पेस्ट लावा. 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. घरच्या कुंपणाला 100-100 ग्रॅम आणि 1 लिटर पाणी पुष्कळ झालं. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवा, मग एकत्र करा. लोखंडाचं भांडं नको, प्लॅस्टिकची बादली घ्या.

सरळ रेषेसाठी दोन टोकांना खुंट्या आणि मधे दोरी. नजरेवर विश्वास ठेवलात तर कुंपण गेटाकडे उतरत जातं. कोणाचंही बघा.

ठाणे, सोसायटीच्या कमिटीतून

आमच्याकडे ठेकेदाराचा माणूस विजेचं यंत्र घेऊन येतो. अर्ध्या तासात सगळं सपाट करतो, कचरा तिथेच टाकतो आणि सही घेऊन जातो. गेल्या खेपेला त्याने कामिनीच्या कुंपणातलं बुलबुलाचं घरटंही सपाट केलं. आत पिल्लं होती. लहान मुलं बघत होती, त्यामुळे त्या महिन्याच्या मीटिंगमध्ये पार्किंगऐवजी यावरच भांडण झालं.

आता नियम केला आहे. यंत्र सुरू करायच्या आधी वॉचमन आणि कमिटीतला एकजण कुंपण आतून बघतात. बुलबुल असो की शिंपी, अंड्यांपासून पिल्लं उडेपर्यंत साधारण तीन-चार आठवडे लागतात. तेवढा तुकडा सोडून बाकीचं छाटायचं. चार फूट कुंपण महिनाभर वाढलेलं दिसलं तर सोसायटीचा भाव उतरत नाही. (एका सभासदाचं मत वेगळं आहे. ते हे वाचतात. नमस्कार.)

याच तपासणीत गांधीलमाशीचं पोळंही सापडलं, तेव्हापासून ठेकेदाराच्या माणसालाही हा नियम पटला आहे!

लीड्स, इंग्लंड

वरचा घरट्यांचा मुद्दा वाचून राहवलं नाही. इथे तो कायद्यातच आहे. 1981च्या वन्यजीव कायद्यानुसार पक्षी वापरत असलेलं घरटं जाणूनबुजून मोडणं गुन्हा आहे, म्हणून मार्च ते ऑगस्ट लोक कुंपणाची मोठी छाटणी टाळतात. आमच्या घरापुढे प्रिव्हेटचं कुंपण आहे. मेंदीचंच भावंड वाटावं असं बारीक पानाचं. घर घेतलं तेव्हा आई आली होती, तिने पहिल्याच सकाळी एक पान चुरगळून वास घेतला आणि “नाही, ही ती नव्हे” म्हणाली.

कुंपणावरून शेजाऱ्यांची भांडणं इथेही तुंबळ होतात. लेलँडी नावाचं सूचिपर्णी झाड वर्षाला मीटरभर वाढू शकतं, आणि मग पलीकडच्या घराचं ऊन जातं. त्यासाठी 2003च्या कायद्यात तरतूद केली. सदाहरित कुंपण 2 मीटरच्या वर गेलं आणि समजुतीने सुटेना, तर कौन्सिलकडे रीतसर तक्रार करता येते. मिरजेच्या ताईंनी मोरपंखीबद्दल लिहिलंय ते लेलँडीलाही लागू आहे. हिरवा भाग ओलांडून तपकिरी लाकडात कापलं की तिथे कायमचं भोक.

अमरावती

पुण्या-मुंबईचं वेळापत्रक आमच्याकडे चालत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा 45च्या आसपास असतो. अशा वेळी वरची पालवी काढली की आतली सावलीतली पानं एकदम उन्हात येतात आणि करपतात. बाबांचं एकच सांगणं, “उन्हाळ्यात झाडाले कैची नको लावू बाप्पा.” आम्ही एक छाटणी पावसाळा लागल्यावर करतो, दुसरी दसऱ्याच्या सुमारास. उन्हाळ्यात फक्त पाणी, आणि बुंध्याशी पालापाचोळ्याचा थर.

शेतावर चिलार आहे. आकड्यांसारखे उलटे काटे. रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर दोन्ही जपून असतात, आणि छाटणारा माणूसही. लांब दांड्याचा कोयता आणि चामडी हातमोजे नसतील तर त्याच्या वाटेला जाऊ नये. शेळ्यांचाच त्रास असेल तर अडुळसा किंवा निर्गुडी लावा. शेळी तोंड लावत नाही, नुसती काडी रोवली तरी येतं, आणि खोकल्याचा काढा कुंपणालाच मिळतो.

बुऱ्हाणपूर

आडवळण चालेल म्हणालात म्हणून. मिठावरचा कर चुकवून कोणी माल नेऊ नये यासाठी इंग्रजांनी जकातीची एक लांबच लांब रेषा आखली होती. तिच्यावर सुरुवातीला वाळलेल्या काट्यांचं कुंपण होतं. ते वाळवी खायची, वणव्यात जळायचं, वादळात उडायचं. दरवर्षी नवे काटे आणायचे. मग जिवंत कुंपण वाढवलं : बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, थोर. ते सिंधूच्या बाजूने पार आमच्या बुऱ्हाणपूरपर्यंत आलं होतं. चांगल्या जमिनीत 12 फूट उंच आणि 14 फूट जाड. 1867 ते 1870 या काळात त्या खात्याचा प्रमुख होता अॅलन ह्यूम, तोच पुढे 1885मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढे असलेला आणि पक्ष्यांचा मोठा अभ्यासक. 1879मध्ये ही रेषा मोडीत काढली. आज इथे विचारलंत तर कोणालाही ठाऊक नसतं. राखणं थांबलं की एवढं मोठं कुंपणसुद्धा टिकत नाही, तर आपल्या दुरांट्याचं काय घेऊन बसलात!

फोंडा, गोवा

जासवंदीच्या कुंपणाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. दर महिन्याला कातरलं तर फूल मिळत नाही, कारण कळ्या नव्या फांद्यांच्या टोकाकडे येतात. आम्ही रस्त्याची बाजू कातरतो, अंगणाची बाजू सोडतो. देवाला फुलं आतून, शिस्त बाहेरून. पिठ्या ढेकूण हा तिचा शत्रू. दाट कुंपणात वारा खेळत नाही आणि मुंग्या त्याला इकडून तिकडे नेतात. म्हणून वर्षातून एकदा आतल्या जुन्या फांद्या मुळाशी कापून विरळ करायच्या. किडीचे शेंडे काढून जाळायचे, बाकीच्यावर पाण्याचा जोरदार फवारा, मग निंबोळी तेल. छाटलेले किडके शेंडे कंपोस्टात टाकू नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. घरात ठराव झाला : भिंत रद्द. मेंदी दोन टप्प्यांत खाली घेणार, यंदा गेटाची डावी बाजू आणि पुढच्या पावसाळ्यात उजवी, म्हणजे सगळं घर एकदम उघडं पडणार नाही. कुत्र्यांसाठी तोवर खाली बांबूच्या कामट्या बांधते. कुडाळकर, करवंदाचं कुंपण करायचं झालं तर रोपं आणायची की बिया?

कुडाळ

बिया. पण ताज्या. मेमध्ये करवंदं खाल्लीत की बिया धुवा, सावलीत सुकवा आणि लगेच पिशव्यांत पेरा. ठेवून दिल्या तर उगवणार नाहीत. पहिली दोन-तीन वर्षं हळू वाढतं, तेवढा धीर धरा. आणि करवंदं खायला पोरं आत घुसतील, त्यावर कुठलंच कुंपण नाही.