डाव्या दाराचं आतलं पॅड सुटलंय, मृगाआधी घरीच बदलता येईल का?

कलमवाली_देवगड

नमस्कार मंडळी. गाडी २०१३ची छोटी पेट्रोल हॅचबॅक. बाबांनी घेतलेली, आता मी चालवते. पुढच्या डाव्या दाराचं आतलं पॅड खालून दोन बोटं सुटून आलंय. गेल्या पावसाळ्यात त्या बाजूचं मॅट सतत ओलं आणि दार उघडलं की कुबट वास. इथल्या एका गॅरेजवाल्याने पॅड दाबून धरलं आणि पत्र्याचे दोन स्क्रू आरपार मारून दिले. दिवाळीपर्यंत ते गंजले. आता पॅडवर गंजाचे दोन ओघळ आहेत आणि एका स्क्रूच्या डोक्यात अडकून बाबांचा लेंगा फाटला.

लेंग्याचं काही नाही. बाबांना महिन्यातून दोनदा ओरोसला तपासणीला न्यावं लागतं. ते डाव्या सीटवर बसतात आणि उतरताना दार ओढायच्या हँडलवर सगळा भार टाकून उठतात. ते हँडल आता पॅडसकट हलतं. परवा ते उठताना आतून कट्ट असा आवाज आला, माझ्या पोटात धस्स झालं.

त्याच मॉडेलचं वापरलेलं पॅड आठशे रुपयांत मिळतंय. आंब्याच्या शेवटच्या पेट्या रवाना झाल्या की मी आठवडाभर मोकळी आहे. बागेतल्या पंपाचं काम मी स्वतः करते, त्यामुळे पाना-पकड हातातली आहे, पण गाडीचं दार कधी उघडलेलं नाही. पुढच्या काचा बटणाच्या आहेत, मागच्या फिरवायच्या. सुरुवात कुठून करू? क्लिपा तुटतात म्हणतात, त्या वेगळ्या मिळतात का?

वेळणेश्वरचा_वाटसरू

पॅडचे पैसे देण्याआधी ते हातात घेऊन बघा. एकाच मॉडेलच्या साध्या गाडीत काच फिरवायच्या दांड्याचं भोक असतं आणि वरच्या मॉडेलमध्ये बटणाचा खाचा. मी रंग बघून घेतलं आणि खाचाच नव्हता, परत कुर्ल्याला पाठवावं लागलं. डावं-उजवंही तपासा. पाठीमागे क्लिपा बसतात ती घरं शाबूत हवीत, समोरून पॅड कितीही चकाचक दिसलं तरी.

क्लिपा सुट्या मिळतात. एक जुनी क्लिप घेऊन स्पेअर पार्टच्या दुकानात जा, तंतोतंत तशीच मागा आणि चार-पाच जास्त आणा.

कुडाळचा_मेकॅनिक

ताई, एसटीच्या वर्कशॉपमध्ये माझी २६ वर्षं गेली, आता घरच्या पडवीत छोट्या गाड्यांचं काम करतो. पॅड बदला, पण पाणी कुठून आलं ते आधी शोधा. नाहीतर या पॅडचंही दिवाळीपर्यंत तेच होणार.

दारात पाणी शिरतंच. काचेला बाहेरून लागलेली रबराची पट्टी बरंचसं अडवते, सगळं नाही. उरलेलं काचेवरून दाराच्या पोटात उतरतं आणि खालच्या कडेला असलेल्या भोकांतून निघून जातं. दाराची रचनाच तशी असते. पोट आणि पॅड यांच्यामध्ये एक प्लास्टिकचा कागद असतो, डांबरासारख्या काळ्या चिकट पट्टीने पत्र्याला चिकटवलेला. तो फाटला किंवा कुणी स्पीकर बसवताना सोडवून तसाच ठेवला, की पाणी थेट पॅडच्या पाठीवर. पॅडची पाठ हार्डबोर्डची असली तर ती पाणी पिऊन फुगते, क्लिपांची घरं फाटतात आणि पॅड सुटतं. तुमच्याकडे हेच झालेलं दिसतंय. त्यात आपली लाल माती. ती खालच्या भोकांत घट्ट बसली की पोटातलं पाणी जायचं कुठे?

आता काम. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. नव्या गाड्यांत बाजूच्या एअरबॅगचा सेन्सर दारात असू शकतो. पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसला तर त्याला हात लावू नका. काच पूर्ण वर हवी, ती बॅटरी काढण्याआधीच करून ठेवा. मग स्क्रू शोधा. दार ओढायच्या हँडलच्या खोबणीत, बहुतेक एखाद्या छोट्या टोपणाखाली. दार उघडायच्या आतल्या खटक्याच्या मागे एक. आरशापाशी असलेला तिकोनी तुकडा हाताने ओढला की निघतो. गॅरेजवाल्याचे ते दोन स्क्रू विसरू नका, गंजलेले असतील तर आदल्या रात्री तेल सोडून ठेवा.

स्क्रू निघाले की खालच्या कोपऱ्यातून सुरुवात. लोखंडी पेचकस घालू नका, रंग उडतो आणि खाऱ्या हवेत तिथूनच गंज धरतो. प्लास्टिकची पट्टी नसेल तर बांबूची चीप तासून घ्या. क्लिपच्या अगदी जवळ धरून आपल्याकडे ओढा, लांबून ओढलं तर क्लिपेऐवजी पॅड फाटतं. सगळ्या सुटल्या की पॅड सरळ ओढायचं नाही, वर उचलायचं, ते काचेच्या कडेला अडकवलेलं असतं. मागे खटक्याची केबल आणि बटणाची वायर असते, त्यांच्यावर पॅड लोंबकळू देऊ नका. कुणाला तरी धरायला सांगा. मागचं दार कधी उघडलंत तर काचेच्या दांड्यामागे एक स्प्रिंगची क्लिप असते. दांडा आणि चकती यांच्या फटीत फडक्याची पट्टी घालून दोन्ही हातांनी मागेपुढे घासली की ती उडून निघते. तिच्याकडे लक्ष ठेवा, फार लहान असते.

खालची भोकं माडाच्या हिराने, म्हणजे झावळीच्या पातीतल्या काडीने, मोकळी करा. तार वापरू नका, रंग खरवडते. कागद फाटला असेल तर पडवीला लावायचं जाड प्लास्टिक जुन्या कागदावर ठेवून त्याच मापाने कापा. चिकटवायला दोन्ही बाजूंनी चिकटणारा ब्युटाइल टेप. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, त्यातल्या ॲसिडने उघडा पत्रा गंजतो. कागदाची खालची कड दाराच्या पोटात सोडा, म्हणजे पाणी आतच गळेल. हे उलटं केलं तर बाकी सगळी मेहनत वाया. स्क्रूची भोकं घासून रेड ऑक्साइड (गंज रोखणारा लाल रंग) लावून बुजवा. जळकं ऑइल ओतायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, रबर फुगतं.

आणि बाबांचं हँडल. त्याचे स्क्रू पॅडमधून जाऊन पत्र्याच्या ब्रॅकेटमध्ये बसतात. ते नसले तर सगळा भार क्लिपांवर येतो. तुमचा कट्ट आवाज तिथलाच असणार.

शेवटचं, पण हे चुकवू नका. पॅड बसवल्यावर दार उघडं असतानाच लॉकचा आकडा पेचकसाने फिरवून बंद करा आणि आतून-बाहेरून दोन्ही खटके ओढून सुटतो का ते बघा. केबल नीट बसली नसेल आणि तुम्ही दार लावून घेतलंत, तर मग ते उघडणं फार जड जातं.

कलमवाली_देवगड

काका, रविवारी सकाळी सातला सुरू केलं, जेवायच्या वेळेला संपलं. तुम्ही लिहिलं होतं ते एकेक डोळ्यांसमोर येत गेलं.

कागद मधोमध ब्लेडने कापलेला होता, एक फाळका नुसता लोंबत होता. त्याच्या मागे स्पीकरची जोडलेली वायर, वर साधी चिकटपट्टी. खालच्या तीन भोकांपैकी दोन बंद. हीर घातला तर आधी लाल चिखलाची वाळलेली गुळी निघाली, तिच्यात भाताच्या पेंढ्याचा चुरा. पेट्या भरताना आम्ही वापरतो तोच पेंढा, वर्षानुवर्षं काचेच्या फटीतून आत गेलेला. मग तपकिरी पाणी आलं. मे महिन्यात! पेलाभर तरी असेल, गेल्या पावसाचं की गाडी धुतलेलं, कोण जाणे. दाराच्या खालच्या कडेला आतून गंज धरलाय पण आरपार गेलेला नाही. घासून दोन हात रेड ऑक्साइड दिला.

जुन्या पॅडची खालची कड हातात आली ती भिजलेल्या बिस्किटासारखी. अकरा क्लिपांपैकी चार त्यातच राहिल्या, तीन तुटल्या. हँडलच्या दोन स्क्रूंपैकी एक नव्हताच. दुसरा दोन आट्यांवर होता. वर्षभर बाबा त्यावर भार टाकून उठत होते.

बटणाचा खाचा आधी तपासला, वेळणेश्वरच्या दादांचे आभार. लॉकची चाचणी दार उघडं ठेवून केली आणि पहिल्या वेळी आकडा सुटलाच नाही! केबलचं टोक घरात बसलं नव्हतं. दार लावलं असतं तर काय झालं असतं. पुन्हा पॅड काढलं, नीट बसवलं. मग काचेवर दहा-बारा तांबे पाणी ओतलं, तिन्ही भोकांतून धार लागली आणि पॅडची पाठ हात घालून पाहिली तर कोरडी.

दुपारी बाबा बसले, हँडल धरून उठले. हललं नाही.

एक राहिलंय. मॅट उन्हात वाळवलं तरी वास जात नाही.

कुडाळचा_मेकॅनिक

छान काम केलंत. वास मॅटचा नाही, खालच्या कार्पेटच्या पाठीला जाड नमदा असतो, तो पाणी धरून ठेवतो. दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी वर ओढून काढा, कार्पेटची कड उचला आणि खाली विटेचा तुकडा ठेवून दोन दिवस कडक उन्हात दारं उघडी ठेवा. खालचा पत्रा हाताने चाचपा, गंज असला तर तोही आत्ताच घासून घ्या. पाऊस सुरू झाला की मग काही वाळत नाही.

आणि बाबांना त्या हँडलवर उठायची सवय राहू देऊ नका. ते दार ओढायला असतं, माणसाचा भार घ्यायला नाही, शिवाय भार टाकला की दारही झुलतं. दाराचं लॉक जिच्यात अडकतं ती चौकटीतली लोखंडी कडी पाहिलीत ना? तिच्यात अडकवून धरायची एक मूठ मिळते, वयस्कर माणसांना उतरायला. ती चौकटीला असते, हलत नाही. मी माझ्या आईसाठी घेतली होती. काम झालं की काढून पुढच्या कप्प्यात ठेवायची.

कलमवाली_देवगड

मूठ मागवली. कार्पेट उचललंय, नमदा पिळला तर पाणी निघतंय. पत्रा अजून शाबूत आहे.