शब्दचर्चा : ‘पास्टोरल’ निसर्गचित्राला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : सतराव्या शतकातील ‘बरोक’ या युरोपीय शैलीच्या चित्रकलेविषयी लिहिताना ‘पास्टोरल लँडस्केप’ या संज्ञेसाठी ‘ग्रामीण निसर्गचित्र’ हा प्रतिशब्द चालेल का?

उत्तर १ : माझ्या मते ‘ग्रामीण’ हा शब्द येथे दिशाभूल करतो. लॅटिनमध्ये ‘पास्टोर’ म्हणजे मेंढपाळ; त्यावरून ‘पास्टोरल’, म्हणजे मेंढपाळांच्या जगाचे. परंतु या चित्रांतला मेंढपाळ राबताना क्वचितच दिसतो, कारण तो रोमभोवतीच्या कुरणांपेक्षा प्राचीन रोमन कवी व्हर्जिलच्या गोपकाव्यातून अधिक आलेला असतो. लोरेनमध्ये जन्मलेल्या आणि आयुष्याचा बहुतेक काळ रोममध्ये घालवलेल्या क्लोद लोरँ याचे १६४८ मधील, आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत असलेले चित्र पाहावे. पुढे झाडांच्या सावलीत नाच चालला आहे, त्यापलीकडे पाणचक्की आणि पाण्याचा संथ विस्तार आहे. अगदी मागचे डोंगर इतके फिकट निळे आहेत की ते कुठे संपतात आणि आकाश कुठे सुरू होते, हे पाहणाऱ्याला ठरवावे लागते. झाडाच्या खोडावरील फ्रेंच अक्षरांनुसार हा बायबलमधील इसहाक आणि रिबेका यांचा विवाह आहे. गंमत अशी, की जवळजवळ हीच रचना रोमच्या दोरिया पाम्फिली संग्रहातही आहे आणि तेथे ती अक्षरे नाहीत. धार्मिक वा पौराणिक प्रसंगाला निसर्गाहून वरचे स्थान देण्याच्या त्या काळात शीर्षकामुळे चित्राची प्रतिष्ठा वाढत असे. चित्राचा खरा विषय मात्र मागून पुढे पसरत येणारा प्रकाश हाच आहे. पुढच्या काळातील इंग्रज चित्रकार टर्नरने आपली दोन चित्रे क्लोदच्या चित्रांशेजारी टांगण्याची अट मृत्युपत्रात घातली, आणि त्या जोडीदार चित्रांत हेही होते.

उत्तर २ : वरील विवेचन मान्य आहे. ‘गोपचित्र’ म्हटले की मराठी वाचकाला गोकुळ आठवणार, म्हणून तो शब्द मी टाळेन. रविकिरण मंडळाच्या काळातील जानपदगीतांमुळे ‘जानपद’ या शब्दाला शहरी मनाने रंगवलेल्या खेड्याची छटा आधीच मिळालेली आहे, आणि येथे नेमकी तीच हवी आहे. तेव्हा ‘जानपद निसर्गचित्र’ असे लिहून पहिल्या उल्लेखात ‘पास्टोरल’ हा मूळ शब्दही द्यावा. ‘ग्रामीण’ हा शब्द त्याच काळातील डच चित्रकार पाउलुस पॉटर याच्या १६४७ च्या ‘बैल’ या चित्रासाठी राखून ठेवावा. तेथे जनावराभोवतीच्या माश्यासुद्धा रंगवलेल्या आहेत.