ठळक भौमितिक टंक नुसत्या कंपासने होत नाही
काहीजण म्हणतात की भौमितिक टंक (वर्तुळ, सरळ रेघ अशा साध्या आकारांवर बेतलेला टाइपफेस) म्हणजे कंपास-पट्टीचं काम, जाडी सगळीकडे सारखी ठेवली की झालं. सांगाडा तसाच असतो, मान्य. पण ठळक वजनात, म्हणजे जाड रेघांच्या अक्षरांत, हे गणित डोळ्याला पटत नाही. आडवी रेघ उभीइतकीच ठेवली तर जास्त जाड दिसते, म्हणून ती जराशी बारीक करावी लागते. मोठ्या इंग्रजी 'ओ'चा गोल 'एच'च्या उंचीत नेमका बसवला तर लहान वाटतो. तो वर-खाली किंचित बाहेर काढतात. आणि छोट्या 'एन'ची कमान खांबाला मिळते तिथे रेघ निमुळती केली नाही, तर मथळ्यात नेमका तिथेच काळा डाग उठतो.

जर्मन टंककार पॉल रेनरच्या १९२७ च्या फ्युचुरा या भौमितिक टंकातही या दुरुस्त्या आहेत. त्याच्या ठळक 'ओ'वर खरं वर्तुळ ठेवून बघाच!